डावा हात न हलवता हसणारी माणसं

बाबा जूचंद्रच्या मिठागरात कामाला होते. उन्हाळाभर खाऱ्या पाण्यात अनवाणी उभं राहायचं, दांड्याला ठोकलेल्या फळीनं मीठ ओढायचं, टोपल्या डोक्यावरून वाहायच्या. तळव्यांना चिरा पडत आणि चिरांत मीठ जाई. संध्याकाळी आई त्यांत कोमट तेल सोडायची. पावसाळ्यात मिठागर बंद. मग कुणाच्या भातशेतीवर मजुरी मिळाली तर मिळाली, नाहीतर घरात पेज. थोरली दोघं भावंडं लवकर कामाला लागली, म्हणून धाकटी मी शिकले. यात माझी हुशारी किती आणि त्यांची पाठ किती मोडली, याचा हिशोब मी आजवर केलेला नाही.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना बाबांचे पाय सुजले. मिठागरातल्या माणसाचे पाय सुजायचेच, कोणी मनावर घेतलं नाही. मग तोंड सुजलं. वसईतल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात, रक्त मशीनवर धुवावं लागेल. मशीन मुंबईत. आठवड्यातून दोनदा. बाबा काही आठवडे गेले. एका खेपेला तिथं नंबरच लागला नाही. घरी येऊन पडवीत बसले आणि म्हणाले, "आता पुरं झाला."

आई म्हणाली, "पानी तरी घे घोटभर."

त्या घोटभर पाण्याचा अर्थ मला पुढे शिकल्यावर कळला. किडनी बंद असलेल्या माणसाच्या अंगातून पाणी बाहेर जात नाही, ते छातीत साठतं. शेवटी बाबांना आडवं होता येत नव्हतं. भिंतीला टेकून, बसल्या बसल्या गेले.

मी बीएस्सी झाले. आमच्या आळीतली पहिली. आईनं घरोघरी गूळ वाटला. मग मुंबईच्या एका इस्पितळात डायलिसिसचं काम शिकले आणि नव्वदचं दशक सरता सरता वसईतल्या एका छोट्या इस्पितळानं तीन मशीनं आणली तेव्हा तिथं लागले. पेशंट मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे. सुरुवातीला दर वेळी दुरुस्त करायची, नंतर सोडून दिलं. इथं छापून येतंय तर लिहून ठेवते.

काम काय असतं ते थोडक्यात सांगते. पेशंटच्या हातात ऑपरेशन करून एक शीर आणि एक रोहिणी जोडतात. त्याला आम्ही फिस्चुला म्हणतो. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. त्यात दोन जाड सुया घालायच्या. एकीतून रक्त बाहेर येतं, गाळणीतून फिरतं, दुसरीतून परत आत जातं. चार तास. गाळणीच्या पलीकडून पाणी वाहत असतं, अंगातली घाण त्यात उतरते. म्हणून पाणी फार लागतं आणि ते अगदी शुद्ध लागतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं, नळ दोन दिवसांआड, सगळा कारभार टँकरवर. टँकर आला की ते पाणी आमच्या प्लांटमधून गाळायचं, मग मशीन सुरू. टँकर अडकला की तीन माणसं पलंगावर आणि मी खिडकीत.

आणि चार तास सुयांचा हात हलवायचा नाही. बहुतेकांचा डावा. हलला की सुई शिरेबाहेर जाते, रक्त कातडीखाली साठतं, वांग्याएवढी गाठ येते.

सोमवार-गुरुवार सकाळच्या पाळीत तिघं होते. दाराजवळ जोगळेकर, विमा कंपनीतून आजारपणामुळे घरी बसलेले, वसई रोडला फ्लॅट. मधे आगाशीच्या राऊतबाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त, कधी कुणाशी बोलत नसत. खिडकीशी नंदाखालचे इनासकाका. नारळ आणि केळीची वाडी. डायलिसिसच्या माणसाला पोटॅशियम चालत नाही, ते साचलं की हृदय थांबतं. केळ्यात ते भरपूर, शहाळ्यात भरपूर. म्हणजे या माणसाला स्वतःच्या वाडीतलं काहीच चालत नव्हतं. त्यांच्याकडे राजेळी केळ्यांची सुकेळी करत. सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी गोड. पथ्याला ती साध्या केळ्यांहूनही वाईट. पहिल्या दिवशी पथ्य सांगितलं तेव्हा इनासकाका म्हणाले, "बाय, असं सांग ना, वाडीकडे पाठ करून बस."

एका सोमवारी टँकर आला नाही. तिघांच्याही अंगात पाणी भरलेलं, श्वास वर. मी सारखी खाली वाकून रस्ता बघत होते. जोगळेकर छताकडे बघत स्वतःशीच पुटपुटले, "सभासदांनो, सगळे एका काठाला उभे राहा. नदी उलटी करायची आहे."

खिडकीकडून इनासकाकांनी नाकात आवाज काढला, "साहेब, खालून पण ओलीच निघाली."

आणि महिनोन्महिने गप्प असलेल्या राऊतबाई हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. मी धावले, मला वाटलं रक्तातली घाण, युरिया, डोक्यात चढली.

ते 'बेपत्तापूर पंचायत' होतं. मी जन्मले त्या सुमाराला रविवारी सकाळी रेडिओवर लागायचं. मी एकही भाग ऐकलेला नाही, पण मला सगळे येतात. गोष्ट अशी, की एक गाव हरवलंय. पंचायत शाबूत आहे, गाव नाही. दर रविवारी सभा भरते आणि गाव शोधायचे ठराव होतात. नदीची वरची बाजू वापरून झिजली म्हणून ती उलटी करायचा भाग सगळ्यांत गाजलेला. दर भागाच्या शेवटी पोस्टमन येऊन विचारायचा, "हे गाव कुठं आलं?" आणि सगळी पंचायत म्हणायची, "आम्हीही तिथलाच पत्ता शोधतोय." बस्स. वाद्याचा एक ठोका, की पुढचा रविवार.

राऊतबाई शेजाऱ्यांच्या ओटीवर बसून ऐकत. जोगळेकर दादरच्या चाळीत. इनासकाका वाडीत, नारळाच्या बुंध्याला खिळा मारून त्यावर ट्रान्झिस्टर अडकवून, केळींना पाणी सोडता सोडता. रेडिओवाल्यांनी टेपा पुसून दुसरं काही भरलं म्हणतात, त्यामुळे जे होतं ते या लोकांच्या डोक्यात. त्या दिवसापासून सोमवार-गुरुवार पंचायत भरू लागली. जोगळेकर सरपंच, राऊतबाई कारकून, इनासकाका पोस्टमन आणि सगळे आवाज. प्रतिध्वनींच्या शिरगणतीचा एक भाग होता. कारकून डोंगराकडे बघून विचारतो, "घरात माणसं किती?" डोंगर म्हणतो, "घरात माणसं किती?" "मी विचारतोय!" "मी विचारतोय!" मग राऊतबाई शाळेतल्या आवाजात शेरा मारायच्या, "माहिती देण्यास नकार."

याच भागात त्यांचा हात हलला. सुई बाहेर. दंड काळानिळा झाला, आठवडाभर दुसरीकडे टोचावं लागलं. आमचे डॉक्टर चिडले. "इथं हसायचं नाही," म्हणाले. जोगळेकरांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ठराव कुणी मांडला?"

बंदी काही टिकली नाही. पण ते तिघं एक गोष्ट शिकले, डावा हात न हलवता हसायला. खांद्यापासून खाली हात मेल्यासारखा गादीवर, आणि बाकीचं अंग गदगदतंय. पोट हलतंय, उजवा हात उशीवर आपटतोय, डोळ्यांतून पाणी, आणि डावा हात जागच्या जागी. नवीन माणसाला ते बघून भीती वाटायची. मी इतकी वर्षं या कामात आहे, असं हसणं दुसरीकडे पाहिलं नाही.

शेवटचा भाग मात्र दोघांनी ऐकलेला नव्हता. राऊतबाईंचं त्याच दिवशी लग्न होतं. जोगळेकरांच्या चाळीत वीज गेलेली. इनासकाकांनी ऐकला होता. दोघं मागे लागत, आणि ते म्हणत, "तो मी माझ्या शेवटच्या दिवशी सांगणार." आधी ही थट्टा होती.

मग त्यांचा फिस्चुला बंद पडला. मांजर घुरघुरायचं थांबलं. दुसऱ्या हातावर ऑपरेशन केलं, तेही बसलं नाही. मानेत नळी घातली, तिला जंतू लागले, ताप, थंडी, पुन्हा नवी नळी. पायांत गोळे येऊन ओरडायचे. मशीनवरून उतरले की दुसरा दिवस झोपण्यात जाई, तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटे, की चौथ्याला परत मशीन. वाडीत पाऊल ठेवायला अंगात जोर नसे. एका गुरुवारी मी नळीचं ड्रेसिंग करत असताना म्हणाले, "बाय, मी आता बंद करतो."

"काय बंद करता?"

"हे. सोमवारी येईन, पंचायतीला शेवटचा भाग सांगेन, मंग नाय येणार."

मला राग आला, तोही साधासुधा नाही. मी म्हणाले, "काका, माझा बाप मुंबईला जाऊन नंबर न लागता परत आला. बसून मेला. तुमच्या घरापासून मशीन इतकं जवळ, पलंग राखून ठेवलेला, आणि तुम्ही सोडून जाणार?"

इनासकाकांनी मला बोलून संपवू दिलं. मग म्हणाले, "तुझ्या बापाला कुणी विचारलं नाय, तुला काय हवं म्हणून. मला तू विचारतेस. तर मंग ऐकून तरी घे."

मी ऐकलं नाही. ड्रेसिंग चिकटवलं आणि दुसऱ्या मशीनकडे गेले.

राऊतबाई आणि जोगळेकर यांनी मात्र ते ऐकलं आणि मनावर घेतलं. सोमवारी इनासकाकांनी घसा साफ केला, "तर शेवटच्या भागात..." की राऊतबाई म्हणाल्या, "थांबा. परवा शिरगणती अर्धी राहिली, ती पुरी करा." ती पुरी होईतो चार तास संपले. गुरुवारी जोगळेकर म्हणाले, "तो भाग आठवतो का, पंचायत सावल्यांवर कर बसवते?"

"असा भाग नव्हताच," इनासकाका म्हणाले.

"होता हो. दुपारी बारा वाजता सगळे करमाफ होतात."

"नव्हता! मी एक रविवार चुकवला नाय."

"कावीळ झाली होती तुम्हाला, तुम्हीच सांगितलंत. तेव्हाचा असेल."

इनासकाका अस्वस्थ. सोमवारी घरून ठरवूनच आले, कावीळ कुठल्या महिन्यात, तेव्हा कुठले भाग, सगळं पाठ. तो भाग खोटा ठरवला. तर राऊतबाईंनी नवीन काढला, सरपंचाची शिंक चोरीला जाते तो. तोही नव्हताच. दोघं घरी बसून असले भाग रचत. राऊतबाईंची सून मला फोनवर म्हणाली, आई जेवताना एकट्या हसतात. साऱ्या जगानं गंडवलं तरी त्यांना चालेल, पण बेपत्तापूरचा खोटा भाग कुणी खरा म्हणून सांगितला तर तो खोडल्याशिवाय इनासकाकांना घास जात नसे. आणि खोडायला गुरुवारी यावंच लागे. पुढचे कित्येक आठवडे तो माणूस एवढ्या एका कारणासाठी मशीनवर आला. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहून साथ दिली.

एका सोमवारी जोगळेकर आले नाहीत. गुरुवार ते सोमवार हे अंतर मोठं, आमच्याकडे वाईट बातम्या सोमवारीच येतात. रविवारी दुपारी जेवून हात धुवायला उठले आणि बेसिनपाशीच गेले.

आमच्या युनिटमधे एक रीत होती, कुणी घालून दिलेली नाही, पण सगळे पाळत. पलंग रिकामा दिसला तर कोणी विचारायचं नाही. चादर बदलली जाते, यादीतला पुढचा माणूस येतो, त्याला जुनं काही सांगायचं नाही. त्या दिवशी दाराजवळच्या पलंगावर वालीवकडचा एक नवीन माणूस होता. पहिलाच दिवस, सुया बघून हात ओढून घेत होता.

इनासकाकांनी मोठ्यानं विचारलं, "जोगळेकर?"

मी नवीन माणसाच्या सुयांकडे वळले. राऊतबाईंनी भिंतीकडे मान वळवली.

"मी त्याला सांगितलं नाय," इनासकाका म्हणाले. "तो विचारत होता आणि मी सांगितलं नाय."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि या वेळी कोणी अडवलं नाही. शेवटच्या सभेत कारकून एक शंका काढतो, की गाव सगळीकडे शोधलं, फक्त आपल्याखाली बघितलं नाही. आपण गावावर बसलो असू. ठराव होतो, सगळ्यांनी उठायचं. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज, एकेक करून. पावलं लांब जातात. शेवटी सरपंच उरतो. बाहेरून सगळे हाका मारतात, साहेब उठा, तुमच्याखाली असेल. सरपंच म्हणतो, "मला बरं वाटतंय. तुम्हाला सापडलं की कळवा." आणि गुणगुणायला लागतो. त्या दिवशी पोस्टमन आलाच नाही. रेडिओवर नुसतं गुणगुणणं, मग पुढचा कार्यक्रम.

राऊतबाई म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच."

"आणि यासाठी आम्ही शिंका चोरत होतो?"

नवीन माणूस तोंड उघडं टाकून बघत राहिला, कारण ते दोघं गदगदा हसत होते, आणि राऊतबाईंचा डावा हात तसाच पडलेला.

मशीन संपल्यावर इनासकाका मला म्हणाले, "बाय, आता ऐकतेस?" मी स्टूल ओढून बसले.

त्यांना घरी राहायचं होतं. भीती एकच, गुदमरण्याची. माझ्या बापाचं मीच सांगितलं होतं ना. मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "अहो, असं कोणी सांगून थांबतं का? लोक यायचे बंद होतात, आपण समजायचं." मी म्हणाले, "सर, तेच तर. बंद झालेल्यांचं पुढं काय होतं ते आपण बघत नाही. मी बघितलंय." ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी विचारलं, "घरी कोण जाणार?" मी म्हणाले, "मी."

इनासकाकांच्या बायकोचं, मोनिकाकाकींचं, वेगळंच. नवऱ्यानं उपचार सोडले म्हणजे आत्महत्या, आणि आत्महत्या म्हणजे पाप, या विचारानं त्यांचं अन्न सुटलं. शेवटी चर्चमधले फादर घरी आले. त्यांनी सांगितलं, देह थकला तेव्हा जड झालेला उपचार खाली ठेवणं हे जीव घेणं नव्हे. काकींनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "मंग त्यांना सांगा, मी रडले तर ओरडायचं नाय."

ड्यूटी संपली की मी एसटीनं नंदाखालला जात असे. डॉक्टरांनी आगाशीच्या त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना इंजेक्शनं समजावून दिली. गावातल्या पोरांनी ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं. पलंग पडवीत, डोकं उंच, वाडीकडे तोंड. पाणी मी चमच्यानं मोजून दिलं, बर्फाचे खडे दिले, ओठांना तूप लावलं. नाही म्हणायचं तिथं नाही म्हटलं. सुकेळ्याला मात्र नाही म्हटलं नाही. काकींनी पानाची गुंडाळी सोडून एक तुकडा जिभेवर ठेवला. इनासकाकांनी तो पुष्कळ वेळ चघळला आणि म्हणाले, "यंदा ऊन कमी दिलंय."

एक दिवस राऊतबाई रिक्षानं आल्या, आमच्या हातून धुतलेल्या रक्तावर दोन दिवस चालणारी ती बाई, सुनेचा दंड धरून. पायरी चढून दम खात म्हणाल्या, "मी चौकशी केली. सरपंच शेवटी उठला होता."

इनासकाकांना ग्लानी होती. डोळे न उघडता म्हणाले, "नाय उठला."

"उठला होता, मी सांगते ना."

"बाई, तुमचं लगीन होतं त्या दिवशी."

हेच त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं धड वाक्य. दुसऱ्या दिवशी झोप वाढली. श्वास मधेच भरून यायला लागला तेव्हा आगाशीचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. तो उतरला. त्यानंतरच्या दुपारी काकी हातातल्या माळेवर रोजरी म्हणत होत्या आणि मी नाडी धरून बसले होते. नाडी लागेनाशी झाली. काकींची माळ पुरी होईपर्यंत मी सांगितलं नाही.

मोनिकाकाकींनी आधी बजावल्याप्रमाणे रडून घेतलं. मी घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाला असा कोनी नव्हता."

आज आमच्या युनिटमधे मशीनं जास्त आहेत, पाण्याचा प्लांट मोठा आहे, जूचंद्रहून रिक्षानं पेशंट येतात. ज्याला मशीन थांबवायचं असेल तो आता तसं तोंडानं सांगू शकतो, आणि सांगितलं की आमच्यापैकी कोणीतरी शेवटपर्यंत त्याच्या घरी जातं. ही पद्धत आम्ही सुरू केली आणि ती टिकली. पहिले इनासकाका होते. दुसऱ्या राऊतबाई.